शनिवारचा शेवटचा तास

(माजी विद्यार्थी, दहावी १९८६)

शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त मनोगत मागितलं गेलं, तेव्हा काय लिहायचं हे मला शोधावं लागलं नाही. मैदानाबद्दल, स्नेहसंमेलनाबद्दल, मुख्याध्यापकांच्या शिस्तीबद्दल माझे वर्गबंधू लिहितीलच. मला लिहायचं आहे ते आठवीतल्या शनिवारच्या शेवटच्या तासाबद्दल. त्या तासाला आमच्या इंग्रजीच्या सरांनी दोन माणसांशी आमची गाठ घालून दिली आणि ती दोघं आजतागायत माझ्या सोबत आहेत: इंग्रजी रहस्यकथांतला गुप्तहेर शेरलॉक होम्स आणि त्याचा सोबती डॉक्टर जॉन वॉटसन.

रहस्यकथा आम्हाला नवीन नव्हत्या. घरोघरी बाबूराव अर्नाळकरांची पुस्तकं फिरत. झुंजार आणि काळापहाड आम्हाला घरच्यासारखे माहीत होते. पण सर जे सांगत ते ऐकताना काहीतरी निराळं वाटायचं. ते आधी इंग्रजी परिच्छेद वाचत, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. मग पुस्तक पालथं ठेवून तेच मराठीत रंगवून सांगत. भालबा केळकरांनी केलेला होम्सकथांचा मराठी अनुवाद ग्रंथालयात होता, पण त्यासाठी नंबर लावावा लागे आणि नंबर लागेपर्यंत सरांची गोष्ट पुढे गेलेली असे.

एक शनिवार मला लख्ख आठवतो. सरांनी हातातलं एचएमटीचं घड्याळ काढलं आणि पहिल्या बाकावर दिलं. म्हणाले, ‘सगळीकडे फिरवा. काय दिसतं ते सांगा.’ काच चरे पडलेली, तबकडी पिवळट, किल्लीच्या खाचेत खडूची पांढरी भुकटी. खडू आम्हा सगळ्यांनाच दिसला. माझ्या बाकावरचा जोडीदार मात्र पट्टा उलटासुलटा करत बसला होता. तो उठून म्हणाला, ‘सर, पट्ट्याला एक भोक नंतर पाडलंय. खिळ्याने. तुम्ही बारीक झालात.’ वर्ग शांत झाला. सरांना त्या पावसाळ्यात कावीळ झाली होती आणि ते महिनाभर रजेवर होते. सर क्षणभर काही बोलले नाहीत. मग त्यांनी मनापासून त्याची पाठ थोपटली आणि होम्सची गोष्ट सांगायला घेतली.

१८९० साली छापलेल्या ‘द साइन ऑफ फोर’ या कादंबरीत वॉटसन आपलं खिशातलं घड्याळ होम्सच्या हाती देतो. किल्लीच्या भोकाभोवतीचे ओरखडे, झाकणाच्या आत सावकाराने टाचणीने कोरलेले गहाणाचे आकडे, एवढ्यावरून होम्स सांगतो की घड्याळ वॉटसनच्या थोरल्या भावाचं होतं, तो निष्काळजी होता, चांगली संधी असून दारिद्र्यात गेला, अधूनमधून बरे दिवस आले आणि शेवटी दारूने मेला. अक्षर न् अक्षर खरं. वॉटसन ताडकन उठतो आणि लंगडत खोलीभर येरझारा घालू लागतो. माझ्या दुर्दैवी भावाची तू आधीच कुठेतरी चौकशी करून आलास, असा आरोप तो करतो. होम्स त्याची क्षमा मागतो. म्हणतो, मी हे नुसतं कोडं म्हणून पाहत होतो, तुझ्यासाठी ते किती दुखरं असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही. इथे सर थांबले आणि आम्हाला विचारलं, ‘होम्सची हुशारी सगळ्यांना दिसली. क्षमा किती जणांना दिसली?’

पुढे होम्सवेड्या माणसांबद्दल जे जे वाचलं, त्या सगळ्याच्या मुळाशी मला सरांचा तो प्रश्नच दिसतो. लोकांनी होम्सवर प्रेम केलं ते वॉटसनच्या डोळ्यांतून. साठपैकी छप्पन्न गोष्टी वॉटसनच सांगतो. होम्स स्वतः निवेदक झाला तो फक्त दोन कथांपुरता, आणि त्यातल्या एकीत त्याला कबूल करावं लागलं की गोष्ट वाचकाला आवडेल अशीच सांगावी लागते. कोरडा, लहरी, माणसांत न मिसळणारा, रिकामपणी कोकेनच्या आहारी जाणारा असा हा गृहस्थ. तो एकटाच आपल्या समोर आला असता तर आपण त्याला दुरूनच नमस्कार केला असता. वॉटसन त्याच्या शेजारी बसतो, त्याचं तिरसटपण सोसतो, प्रसंगी त्याला सुनावतो आणि तरीही रात्री-अपरात्री पिस्तूल खिशात घालून त्याच्या मागे निघतो. असा भला माणूस ज्याच्यावर जीव टाकतो त्याच्यात काहीतरी असणारच, असं वाचक मनाशी म्हणतो.

या वॉटसनचे पाय आपल्या मुंबईला लागलेले आहेत, हे कळलं तेव्हा आम्हा मुलांना कोण आनंद झाला होता! १८८७ मध्ये आलेल्या पहिल्याच कादंबरीच्या पहिल्याच पानावर तो सांगतो की लष्करी डॉक्टर म्हणून तो मुंबई बंदरात उतरला, तोवर त्याची पलटण खिंडी ओलांडून पुढे गेली होती. मग तो अफगाणिस्तानात गेला आणि मैवंदच्या लढाईत जायबंदी झाला. लढाई खरी आहे, २७ जुलै १८८० ची, आणि तिच्यात बॉम्बे ग्रेनेडियर्सचे शिपाईही लढले. इंग्रजी फौजेचा तिथे दारुण पराभव झाला. मरे नावाच्या अर्दलीने वॉटसनला घोड्यावर घालून बाहेर काढलं, नाहीतर ही गोष्ट सांगायला कोणी उरलंच नसतं. पेशावरच्या इस्पितळात विषमज्वर झाला आणि मोडलेल्या शरीराने, ना घर ना गणगोत असा हा तरुण लंडनला परतला. सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत होम्स त्याला पहिल्यांदा भेटला आणि म्हणाला, तुम्ही अफगाणिस्तानात होतात की! त्या रुग्णालयात या काल्पनिक भेटीची पाटी लावलेली आहे.

आता १८९३. या कथांचे लेखक आर्थर कॉनन डॉयल होम्सला कंटाळले होते. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या जास्त मोलाच्या, असं त्यांचं मत. आईने आधी एकदा विनवून होम्सचा जीव वाचवला होता, यावेळी मात्र त्यांनी ऐकलं नाही. त्या वर्षीच्या डिसेंबरच्या ‘स्ट्रँड’ मासिकात होम्स आणि त्याचा कट्टर शत्रू प्राध्यापक मोरियार्टी स्वित्झर्लंडच्या रायखेनबाख धबधब्यात कोसळले. वीस हजारांहून अधिक वर्गणीदारांनी ‘स्ट्रँड’ बंद केलं असं सांगतात. ही कथा मी पुन्हा वाचतो तेव्हा धबधब्यापाशी थांबत नाही, त्याच्या जरा आधी थांबतो. हॉटेलात एक इंग्रज बाई अखेरच्या घटका मोजते आहे, अशी चिठ्ठी घेऊन एक पोरगा येतो आणि वॉटसन डॉक्टर म्हणून माघारी वळतो. चिठ्ठी खोटी आहे हे होम्सला कळलेलं असतं. तो तरीही वॉटसनला जाऊ देतो. वॉटसन धावतपळत परत येतो तेव्हा कड्याला टेकवलेली होम्सची काठी, चांदीची सिगारेटची डबी आणि वहीची तीन पानं एवढंच उरलेलं असतं. मोरियार्टीने थांबून ती पानं लिहू दिली, म्हणून निरोप तरी मिळाला.

वाचकांनी हे मरण मान्य केलंच नाही. दहा वर्षांनी, १९०३ मध्ये, डॉयलना होम्सला परत आणावं लागलं. म्हाताऱ्या पुस्तकविक्याच्या वेषात तो वॉटसनच्या अभ्यासिकेत उभा राहतो आणि खरं रूप दाखवतो, तेव्हा लढाई पाहिलेला वॉटसन आयुष्यात पहिल्यांदाच चक्कर येऊन पडतो. त्यापुढचा तपशील मला जास्त आवडतो. वॉटसन आपला दवाखाना व्हर्नर नावाच्या तरुण डॉक्टरला विकून होम्सच्या बेकर स्ट्रीटवरच्या घरी राहायला येतो. मागितली ती किंमत त्या पोराने हूं की चूं न करता दिल्याचं त्याला नवल वाटतं. बऱ्याच वर्षांनी उलगडा होतो की व्हर्नर होम्सचा लांबचा नातेवाईक होता आणि पैसे होम्सनेच दिले होते. सोबती परत यावा म्हणून त्याने हे गुपचूप केलं आणि तोंडाने एक अक्षर काढलं नाही.

ज्यांना हे दोघं आवडतात त्यांनी एक सुंदर खेळ चालवला आहे. होम्स आणि वॉटसन खरे, डॉयल हे वॉटसनचं लिखाण छापून आणणारे मध्यस्थ, असं धरून चालायचं आणि कथांतल्या विसंगती पंडितासारख्या सोडवायच्या. याची सुरुवात ऑक्सफर्डच्या रोनाल्ड नॉक्स यांनी १९११ मध्ये एका निबंधाने केली. पहिल्या कादंबरीत वॉटसनला गोळी खांद्याला लागते, दुसरीत ती जखम पायाला आहे. मग खरी कुठे? त्याची लग्नं किती झाली? न्यूयॉर्कमध्ये क्रिस्टोफर मॉर्ली यांनी १९३४ मध्ये ‘बेकर स्ट्रीट इरेग्युलर्स’ ही मंडळी जमवली, लंडनची सोसायटी १९५१ ची, जपानचा क्लब १९७७ चा. लंडनची मंडळी १९६८ मध्ये व्हिक्टोरियन पोशाख चढवून थेट रायखेनबाखला गेली होती. आणि होम्सच्या घराचा तो पत्ता, २२१ बी, बेकर स्ट्रीट! डॉयल लिहीत होते तेव्हा त्या रस्त्यावर हा क्रमांकच नव्हता. पुढे घरांचे क्रमांक वाढले, १९३२ मध्ये त्या जागी एका गृहकर्ज संस्थेची कचेरी आली आणि जगभरातून होम्सच्या नावाने टपाल येऊ लागलं, इतकं की उत्तरं लिहायला संस्थेने वेगळी व्यक्ती नेमली. कोणी हरवलेली वस्तू शोधून मागायचं, कोणी नुसतीच ख्यालीखुशाली विचारायचं. २०१२ च्या जानेवारीत बीबीसीच्या मालिकेत होम्स रुग्णालयाच्या गच्चीवरून उडी घेतो, त्यानंतर तरुण मुलामुलींनी तिथल्या लाल टेलिफोन बूथवर चिठ्ठ्या चिकटवल्या: आमचा शेरलॉकवर विश्वास आहे. मासिक बंद करणारे वर्गणीदार आणि ही पोरं यांच्यात शंभराहून जास्त वर्षांचं अंतर आहे, तळमळ तीच.

मुलगी लंडनला असते म्हणून मला तिथे जाता आलं. चेअरिंग क्रॉसजवळ होम्सच्या नावाचा एक पब आहे. १९५१ च्या प्रदर्शनासाठी उभी केलेली बेकर स्ट्रीटची बैठकीची खोली तिथे वरच्या मजल्यावर जपलेली आहे. काचेपाशी मी बराच वेळ उभा होतो आणि मनात १९२४ मधली एक कथा चालली होती, तीन गॅरिडेबांची. एक बदमाश गोळी झाडतो, ती वॉटसनच्या मांडीला चाटून जाते. होम्स पिस्तुलाच्या दस्त्याने त्या माणसाला आडवा करतो आणि वॉटसनला धरून खुर्चीत बसवतो. त्याचे ओठ थरथरत असतात, नेहमीचे ते करडे डोळे पाणावतात. खिशातल्या चाकूने तो वॉटसनची विजार फाडून जखम बघतो. जखम वरवरची निघते. मग तो त्या बदमाशाकडे वळून सांगतो, वॉटसनला काही झालं असतं तर तू या खोलीतून जिवंत बाहेर पडला नसतास. वॉटसन लिहितो की हे प्रेम कळण्यासाठी अशा कितीही जखमा झाल्या असत्या तरी चाललं असतं. सगळ्या साठ कथांत होम्सचं मन असं उघडं पडतं ते एवढ्या एकाच ठिकाणी, आणि आम्हा वाचकांना ते जन्मभर पुरतं.

घड्याळाचा पट्टा ओळखणारा माझा जोडीदार आता नाशिकला असतो. दर ४ मेला, म्हणजे धबधब्याच्या तारखेला, आमचा फोन होतोच. जखम खांद्यालाच होती असं त्याचं म्हणणं, मी पायाच्या बाजूने, आणि दोघांपैकी कोणी हटत नाही.

यंदा आम्ही दोघांनी मिळून मूळ इंग्रजी साठही कथा आणि मिळतील तेवढे मराठी अनुवाद शाळेच्या ग्रंथालयाला दिले आहेत. नवीन वाचकांनी कादंबरीपासून सुरुवात करू नये. लाल केसवाल्यांच्या मंडळाची गोष्ट आधी वाचा, मग रात्री शिट्टी ऐकू येते ती. होम्स धबधब्यात पडतो ती कथा एका खंडात आहे आणि तो परत येतो ती दुसऱ्या खंडात. एका कार्डावर एकच पुस्तक, हा ग्रंथालयाचा नियम आमच्या वेळेपासून आहे. ग्रंथपाल बाईंशी मी बोललो आहे. हे दोन खंड त्या एकदम देणार आहेत.