आमची वाटचाल : काजू, काटा आणि पाकिटावरचा मजकूर

आमचा काजूचा छोटा कारखाना आहे, वेंगुर्ला आणि सावंतवाडीच्या मधल्या एका गावात. बाबांनी पडवीत सुरू केला तेव्हा बी भट्टीवर भाजायचे आणि हाताला राख लावून फोडायचे, आता बॉयलर आहे, पायाने चालणारे कटर आहेत, ड्रायर आहे, पॅकिंगची खोली आहे. पण मशीनचं काय, कर्ज मिळालं की मशीन येतं. मला सांगायचेत ते निर्णय, जिथे दोन्हीकडे पैसा दिसत होता आणि घरात भांडणं झाली.

पहिला प्रश्न बी कुठली. आपल्याकडे सीझन फेब्रुवारी ते मे, पाऊस लागला की खेळ खलास. बारा महिने काम चालवायचं तर आफ्रिकेची बी घ्यावीच लागते, आज जगात सगळ्यात जास्त काजू आयव्हरी कोस्टमध्ये पिकतो, बेनिन, टांझानियाचा माल पण येतो, आणि यात लाजण्यासारखं काही नाही. पण गोव्याला जाता जाता हायवेवर गाडी थांबवणाऱ्याला कोकणचाच काजू हवा असतो, आणि सोललेला पांढरा गर बघून तो कुठला ते त्याला ओळखता येत नाही. एका व्यापाऱ्याने सरळ सांगितलं, वेंगुर्ला काजूला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचं नाव म्हणून सरकारी नोंद, मिळालंय ना, मग नाव विका, आत काय भरताय ते कोण बघतंय. भाऊ तयार होता. आणि त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं बरं का, लाइनीतले बरेच जण हेच करतात, आणि आपण एकटेच साधू झालो तर पावसाळ्यात कामाच्या बायकांना घरी बसवावं लागेल. आमच्याकडे हिशोब वहिनी बघते. ती म्हणाली, आफ्रिकेची बी आहे असं पाकिटावर छापायला तयार असाल तर भरा. सगळे गप्प.

मग दोन पाकिटं केली. एक फक्त इकडच्या बीचं, दुसऱ्यावर स्वच्छ मराठीत 'आयात बीपासून'. दुसरं दुकानात हळू जातं, पुण्याचा एक डीलर तेवढ्यावरून सुटला तो सुटलाच. पण मिठाईवाले आणि हॉटेलवाले तेच मागतात, त्यांना पाकळी आणि तुकडा स्वस्तात हवा असतो, गावाच्या नावाशी काही देणंघेणं नाही, आमचा पावसाळा त्यांच्यावर निघतो.

खरेदीची गोष्ट वेगळी. शेतकऱ्याची बी बऱ्याचदा ओली येते, दोन-तीन कडक उन्हं देऊन ओलावा आठ-नऊ टक्क्यांवर आला तरच ती साठवता येते नाहीतर बुरशी धरते. म्हणून खरेदीदार अंदाजाने पोत्यामागे किलो-दोन किलो सूट कापतो, आणि सूट कापणारच आहे म्हणून शेतकरी पोत्याच्या तळाला ओली बी घालतो, म्हणजे दोघं एकमेकांना फसवतात आणि दोघांनाही वाटतं आपणच हुशार. आम्ही सूट बंद केली. ओलावा मोजायचा मीटर आणला आणि त्याचं तोंड विकणाऱ्याकडे केलं, काट्याचं सरकारी पासिंग दरवर्षी असतं त्याचं सर्टिफिकेट समोर लावलं, आणि नमुन्याची बी त्याच्या डोळ्यासमोर फोडतो, चांगला गर किती, काळा किती, पोचट किती, त्यावर भाव. सुरुवातीला जुनी माणसं रागावली, "आमच्यार इस्वास नाय तुझो?" म्हणून. आता ज्यांची वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ या जातींची कलमं आहेत ते आधी आमच्याकडे येतात कारण त्यांची बी मोठी, गर जास्त, त्यांना दोन पैसे जास्त मिळतात. गावठी बारीक बी वाले मात्र दुसरीकडे वळले. चालायचंच.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते फोडणीच्या, म्हणजे बी फोडायच्या, शेडने. टरफलातलं तेल कातडी जाळतं, हात काळे पडतात, सोलवटतात. आम्ही हातमोजे आणले तर कोणी घालेना, मी शेडमध्ये शिरलो की बायका घालायच्या, पाठ फिरली की काढायच्या. शेवटी एका काकीने तोंडावर सांगितलं, "किलोवर पैशे देतास, मगे हातमोजे घालून माझो किलो कधी भरतलो?" आता यावर काय बोलणार. सेफ्टीचा नियम एक सांगत होता आणि मजुरीचा दुसरंच, आणि माणूस मजुरीचंच ऐकणार. पाकिटावर छापता येईल का ही वहिनीची कसोटी इथे उपयोगाची नव्हती, मजुरीचा रेट कोण छापतो.

म्हणून रेटच बदलला. रोजाचे पैसे ठरलेले आणि अख्खा गर जेवढा जास्त निघेल तेवढा वर बोनस. सीए म्हणाले काम कमी होईल, आणि थोडं झालंच. पण घाईत फोडली की गर तुटतो, आणि डब्ल्यू-२४० म्हणजे पाउंडात २२० ते २४० दाणे बसतील असा अख्खा गर आणि तुकडा यांच्या भावात चांगलाच फरक असतो, त्यामुळे दिवसाची फोडणी कमी होऊनही विक्रीचं बिल घटलं नाही. हातमोज्यांवरून ओरडायची वेळ आता क्वचित येते.

त्याच सुमारास माणसं वाढत होती आणि २० झाली की पीएफ लागतो. सल्ले देणारे खूप भेटले, बायकोच्या नावावर दुसरी फर्म काढा, मस्टरवर एकोणीसच दाखवा. भाऊ आणि मी यावर पहिल्यांदा एकमताने नाही म्हणालो. उलट बायकाच नाराज झाल्या, हातात येणाऱ्या पैशातून १२ टक्के कापायचे म्हणजे काय, मग वहिनीने एकेकीच्या मोबाईलवर खातं उघडून दाखवलं, तेवढेच कारखान्याचे पण पीएफ आणि पेन्शन मिळून भरले जातात ते दाखवलं, तेव्हा कुठे गोंधळ मिटला.

उधारीबद्दल थोडक्यात. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे लहान-मध्यम उद्योगांच्या, कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायला हवेत, करार नसेल तर १५. कागदावर. २०२४ पासून इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) कलम आलं, मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा मिळत नाही, तेव्हा आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाने सुचवलं की तुम्ही उद्यम नोंदणी (जिच्यामुळे आम्ही या कायद्यात येतो) रद्द केलीत तर बरं. नाही केली. आणि त्यानंतर ठरवलं की एकाच गिऱ्हाइकाकडे पाव हिश्श्यापेक्षा जास्त माल द्यायचा नाही, कारण नाही म्हणायची ऐपत असेल तरच नाही म्हणता येतं. शेतकऱ्याला मात्र या कायद्याचा काहीच आधार नाही, त्याचे पैसे आम्ही त्याच दिवशी देतो, यूपीआय नाहीतर रोख, सीझनला त्यासाठी बँकेचं व्याज भरावं लागतं आणि ते मी धंद्याचा खर्च धरतो, उपकार नाही.

सध्या टेबलावर ऑटोमॅटिक कटरचं कोटेशन पडलंय. भाऊ म्हणतो घ्या, वहिनी म्हणते आधी ट्रायल. त्या मशीनला बी साइझप्रमाणे चाळून लागते आणि आपली इकडची बी एका झाडाची एक तर दुसऱ्याची दुसरी, त्यामुळे तुकडा किती पडेल ते आपल्या मालावर चालवून बघितल्याशिवाय कळणार नाही. फोडणीच्या बायकांपैकी काही जणी सोलणीला आणि ग्रेडिंगला जातील, सगळ्या नाही. किती आणि कोण हे त्यांच्यासोबत बसून ठरत नाही तोवर अॅडव्हान्स द्यायचा नाही एवढंच आत्ता ठरलंय, आणि कंपनीवाल्याचा दर दोन दिवसांनी फोन येतोय.