मस्कीसाठी गाइड निवडताना: माझा अनुभव

गेल्या सप्टेंबरात मी आणि बाबा अमेरिकेतल्या उत्तर विस्कॉन्सिनमधल्या हेवर्ड या गावी मस्की हा मोठा शिकारी मासा गळाने धरण्यासाठी गेलो आणि दोन दिवस एका स्थानिक गाइडच्या बोटीवर होतो. बोटीवरचे दिवस दोनच होते, पण तो गाइड निवडण्यासाठी मी जवळपास तीन महिने घालवले. एवढा वेळ का घालवला, हे समजण्यासाठी त्याच्या आदल्या वर्षीची घटना आधी सांगावी लागेल.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये, राज्यातल्या दुसऱ्या एका तलावावर, मी केवळ छायाचित्रे पाहून एक गाइड ठरवला होता. त्याच्या प्रत्येक छायाचित्रात हातभर जबड्याचा मासा आणि हसरा चेहरा होता आणि त्यापलीकडे मी काहीही विचारले नाही. दुपारी माझ्या गळाला ४४ इंचांचा मस्की लागला. बोटीवरच्या यंत्रावर पाण्याचे तापमान ८२ अंश फॅरनहाइट, म्हणजे जवळपास २८ अंश सेल्सिअस दिसत होते. गाइडने मासा बोटीच्या तळावरच्या गालिच्यावर ठेवला, पक्कड शोधली, मग कॅमेरा शोधला, आधी माझे छायाचित्र घेतले आणि नंतर स्वतःचे काढून घेतले. मासा पाण्यात सोडला तेव्हा तो पोट वर करून उलटला. मी अर्धा तास त्याची शेपटी धरून त्याला पाण्यात सरळ ठेवत राहिलो, पण त्याच्या कल्ल्यांची हालचाल पुन्हा नीट सुरू झालीच नाही. एवढ्या आकाराचा मासा बहुधा मादीच असतो आणि त्याचे वय दहा वर्षांहून अधिक असावे. ऊन पाण्यात प्राणवायू कमी असतो आणि झुंजीने दमलेल्या माशाला तोच सर्वांत जास्त लागतो, एवढी साधी गोष्ट मला ठाऊक नव्हती. त्या माणसाला ती ठाऊक असणे हे त्याचे काम होते, पण त्याला निवडले मी होते.

मस्की हा पाइक या लांबट, दातेरी शिकारी माशांच्या कुळातला सर्वांत मोठा मासा आहे आणि १९५५ पासून तो विस्कॉन्सिनचा राज्यमासा आहे. त्याचे नाव ओजिब्वे या इथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतल्या ‘माश्किनोझे’ या शब्दावरून आले. इंग्रजीत त्याला दहा हजार फेकींचा मासा म्हणतात. चांगल्या तलावातही सहसा एकरामागे एक प्रौढ मस्की नसतो आणि जो असतो तो दिवसाचा बराच वेळ काही न खाता पडून राहतो. विस्कॉन्सिनमध्ये बहुतेक पाण्यांवर ४० इंचांपेक्षा लहान मस्की ठेवता येत नाही, काही तलावांवर ही मर्यादा ५० इंचांची आहे आणि दिवसाला एकाच माशाची परवानगी आहे. प्रत्यक्षात मस्कीच्या मागे जाणारे बहुतेक लोक एकही मासा ठेवत नाहीत. मासा पकडून सोडण्याची ही रीत रुजवण्यात १९६६ साली मिनेसोटातल्या सेंट पॉल येथे स्थापन झालेल्या ‘मस्कीज इंक’ या संस्थेचा मोठा वाटा आहे. जो मासा इतका विरळ आहे आणि ज्याला परत सोडायचेच आहे, तो सोडल्यानंतर जगला पाहिजे, असे मला मनापासून वाटते, आणि या वेळचा शोध मी याच एका कसोटीवर करायचे ठरवले.

गाइडच्या आधी पाणी ठरवावे लागते, कारण चांगला गाइड हा एका विशिष्ट पाण्याचा जाणकार असतो. मी राहतो त्या मॅडिसनच्या मोनोना आणि विंग्रा या तलावांतही मस्की आहेत. मिशिगन सरोवराच्या ग्रीन बे या उपसागरात १९८९ पासून पुन्हा सोडलेल्या मस्कींची संख्या वाढून तिथे प्रचंड मासे मिळतात, पण त्या उघड्या पाण्यावर वारा सुटला की लाटा मोठ्या होतात आणि ६९ वर्षांच्या बाबांना दिवसभर तिथे बसवणे मला पटेना. शिवाय बाबांना जंगलातला तलाव पाहायचा होता. ते भंडारा जिल्ह्यातले. लहानपणी ढिवर समाजातल्या मित्रासोबत माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी बांधलेल्या, तलावांच्या काठी, कमळाच्या पानांमधून मरळ काढण्यात त्यांचे कितीतरी पावसाळे गेले. मरळ जशी वनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसते आणि बेडकावर झडप घालते, तसाच मस्कीही पाणवनस्पतींच्या कडेला दबा धरतो, हे मी त्यांना फोनवर सांगितले तेव्हाच त्यांचे येणे पक्के झाले. म्हणून आम्ही हेवर्डजवळचा चिपेवा फ्लोएज हा सुमारे १५,३०० एकरांचा जलाशय निवडला. १९२०च्या दशकात धरण बांधून तो तयार झाला, ओजिब्वे लोकांचे एक गाव आणि त्यांचे पाण्यात आपोआप उगवणाऱ्या जंगली भाताचे पट्टे त्याखाली गेले आणि आज त्यात असंख्य बेटे, बुडालेल्या झाडांचे बुंधे आणि तरंगत्या दलदलीचे तुकडे आहेत. अशा पाण्यात अनोळखी माणसाने स्वतःची बोट चालवणे धोक्याचे असते, त्यामुळे गाइड घेणे ही आमच्यासाठी चैन नव्हती.

नावे गोळा करण्यासाठी मी छायाचित्रांकडे गेलोच नाही. हात पुढे ताणून धरलेला मासा छायाचित्रात कितीही मोठा दिसू शकतो. याच परिसरातले दोन प्रसिद्ध विक्रम त्याची साक्ष देतात. १९४९ साली, एकाच वर्षी, लाकूदरे तलावात कॅल जॉन्सन यांनी ६७ पौंड ८ औंसांचा आणि चिपेवा फ्लोएजमध्ये लुई स्प्रे यांनी ६९ पौंड ११ औंसांचा मस्की धरल्याची नोंद आहे. पण स्प्रे यांच्या माशाची लांबी किती असेल, यावर अर्धशतकानंतरही जुन्या छायाचित्रांची मोजमापे काढून वाद झाले. मी गावातल्या आमिषाच्या दुकानांना फोन केले, मस्कीज इंकच्या स्थानिक शाखेतल्या दोन सभासदांशी बोललो आणि ज्या रिसॉर्टमध्ये राहणार होतो तिथल्या मालकिणीला विचारले. या तिन्ही ठिकाणी मी एकच प्रश्न ठेवला: तुमच्या स्वतःच्या वडिलांना तुम्ही कोणासोबत पाठवाल? दुकानदाराला पहाटे पाचला कोण येतो, कोणाची गिऱ्हाइके पुन्हा येतात आणि कोण उन्हाळ्याच्या कडाक्यात मस्की सोडून दुसऱ्या माशांकडे वळतो, हे सगळे माहीत असते. एकूण सात नावे मिळाली, त्यांपैकी तीन नावे प्रत्येकी दोन ठिकाणांहून आली. त्या तिघांना आणि आणखी एकाला मी फोन केले.

प्रत्येकाला पहिला प्रश्न मी तापमानाचा विचारला: पाणी किती तापले की तुम्ही मस्कीची सहल रद्द करता? दोघांनी लगेच ८० अंश फॅरनहाइट हा आकडा सांगितला. त्यांपैकी एकजण म्हणाला की ७८च्या पुढेच तो गिऱ्हाइकाला फोन करून दुसरा मासा किंवा दुसरी तारीख सुचवतो. तिसऱ्याने सांगितले की ते गिऱ्हाइकाच्या मर्जीवर अवलंबून आहे, पैसे त्याचे आहेत. चौथ्याने प्रश्नच टाळला. आमची सहल सप्टेंबरातली होती आणि तेव्हा पाणी तेवढे तापणार नव्हते, पण या उत्तरावरून माणूस कळत होता, म्हणून मी तो प्रश्न सोडला नाही.

दुसरा प्रश्न बोटीवरच्या साधनांचा होता. मस्कीचे तोंड दातांनी भरलेले असते आणि कृत्रिम आमिषाला तीन-तीन टोकांचे दोन किंवा तीन गळ असतात, त्यामुळे लांब टोकाची पक्कड, गळ तोडणारी कात्री आणि मासा पाण्यातच राहील अशी मोठी, रबरी लेप असलेली खोल जाळी लागते. या तीन गोष्टींपैकी कात्रीला मी सर्वांत जास्त महत्त्व देतो. गळ खोल रुतला असेल तर तो ओढत बसण्यापेक्षा तोडून टाकणे माशाच्या जिवासाठी बरे असते, आणि महागडे आमिष खराब करून गळ तोडणारा गाइड माशाचा विचार आधी करतो, हे स्पष्ट होते. शरद ऋतूत इथे जिवंत सकर मासा आमिष म्हणून वापरतात. त्याचा गळ मस्कीने गिळण्याआधीच ओढण्याची पद्धत तुम्ही वापरता का, हेही मी विचारले, कारण पोटात गळ गेलेला मस्की सोडला तरी बहुधा वाचत नाही.

तिसरा प्रश्न बाबांचा होता. फोनवर मी त्यांना या चौघांच्या अनुभवाची वर्षे आणि सर्वांत मोठ्या माशांचे आकडे वाचून दाखवत होतो, तेव्हा ते मधेच म्हणाले, ‘‘अरे, ज्या दिवशी मासा लागत नाही, त्या दिवशी तो माणूस काय करतो, ते विचारलेस का?’’ मी विचारले नव्हते. पुन्हा फोन केले. एकाने त्याच्या गिऱ्हाइकांना मासा मिळतोच, अशी खात्री दिली. मस्कीच्या बाबतीत कोणीही अशी खात्री देऊ शकत नाही, म्हणून त्याचे नाव मी तिथेच काढले. आम्ही शेवटी ज्याला निवडले, त्याचे उत्तर लांब होते. तो म्हणाला की कित्येक दिवस मासा बोटीपर्यंत पाठलाग करत येतो आणि परत जातो. ती जागा आणि वेळ तो वहीत लिहितो आणि संध्याकाळी, उजेड कमी होताना, किंवा चंद्र उगवण्याच्या सुमारास त्याच माशाकडे परत जातो. काहीच दिसले नाही तर गिऱ्हाइकाला बोटीच्या कडेला आमिष फिरवण्याचा डाव नीट शिकवतो, म्हणजे पुढच्या वेळी तरी मासा सुटणार नाही. यानंतर त्याने उलट आम्हालाच प्रश्न विचारले: वडिलांचे खांदे कसे आहेत, ते किती वेळ उभे राहू शकतात, त्यांना पोहता येते का, बोटीवर झोक जातो का. आमच्याबद्दल एवढी चौकशी इतर तिघांपैकी कोणी केली नव्हती.

कागदपत्रांचा भाग मी थोडक्यात सांगतो, पण तो सोडू नये. विस्कॉन्सिनमध्ये पैसे घेऊन मासेमारीसाठी नेणाऱ्याला राज्याचा गाइड परवाना लागतो. परवाना आणि विमा दाखवायला सांगितल्यावर एकाला राग आला, आम्ही निवडलेल्याने त्याच संध्याकाळी दोन्हींची छायाचित्रे पाठवली. मला सांगितलेले दिवसाचे दर साडेचारशे ते साडेसहाशे डॉलरच्या दरम्यान होते. त्यात रॉड आणि आमिषे धरली आहेत का, विजा कडाडल्या तर अनामत परत मिळते की तारीख बदलते आणि गाइड स्वतःही गळ टाकतो का, हे तिन्ही मुद्दे मी लेखी घेतले. अर्ध्या दिवसाऐवजी दोन पूर्ण दिवस घेतले, कारण चार तासांत मस्कीची आशा धरणे मला व्यर्थ वाटते. सोळा किंवा त्याहून अधिक वयाच्या माणसाला सहसा मासेमारीचा परवाना लागतो आणि बाबा इथले रहिवासी नसल्यामुळे त्यांच्यासाठी मी चार दिवसांचा पाहुण्यांचा परवाना काढला.

पहिल्या दिवशी धुके होते आणि पाणी ६३ अंश फॅरनहाइटवर होते. गाइडने बाबांसाठी वजनाला हलके, फिरत्या पात्याचे आमिष आणि उंच पाठीची खुर्ची आणली होती. दर फेकीच्या शेवटी आमिष पाण्याबाहेर न काढता रॉडचे टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे फिरवायचे असते, कारण मागून आलेला मासा कित्येकदा तिथेच झडप घालतो. आपला मराठी ८ उघडा असतो, इथे दोन्ही वळणे पूर्ण करावी लागतात, हे मी बाबांना बोट फिरवून दाखवले. दिवसभरात तीन मासे मागे आले आणि परत गेले. गाइडने तिन्हींची वेळ, खोली आणि वाऱ्याची दिशा लिहून ठेवली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पावणेसातला आम्ही त्यांपैकी दुसऱ्या जागी, एका तरंगत्या दलदलीच्या कडेला परत गेलो. बाबांच्या आठाच्या दुसऱ्या वळणावर पाणी फुटले आणि रॉड वाकला. झुंज दोन मिनिटांची झाली असेल. गाइडने मासा जाळीत घेतला, पण जाळी पाण्यातच ठेवली आणि बाबांना शेजारी गुडघ्यांवर बसायला सांगितले. एक गळ जबड्याच्या सांध्यात खोल रुतला होता. त्याने जराही वेळ न घालवता कात्रीने तो तोडला. लांबी पाण्यातल्या पट्टीवरच मोजली, ३७ इंच भरली. ‘‘उचलायचा का?’’ असे त्याने विचारले आणि मासा वर घेतलात तर पोटाखाली एक हात हवा आणि मी पाचपर्यंत मोजेन, असे सांगितले. बाबांनी मान हलवून नको म्हटले आणि पाण्यातच त्याच्या पाठीवरून हात फिरवला. गाइडने जाळीची कड खाली केली, मासा क्षणभर तिथेच थांबला आणि मग शेपटीच्या एका फटक्यात बुंध्यांच्या दिशेने खोल गेला.

धक्क्यावर परतल्यावर बाबांनी त्याची वही मागून घेतली, त्या दिवसाच्या नोंदीखाली देवनागरीत आपले नाव लिहिले आणि पुढच्या सप्टेंबरातले कोणते दोन दिवस मोकळे आहेत, हे मला त्याला विचारायला सांगितले.