व्रोत्सवाफमध्ये लासालच्या थडग्यापाशी

पोलंडमधल्या व्रोत्सवाफच्या मुख्य स्टेशनाच्या दक्षिणेला, श्लेंझना रस्त्यावर जुनी ज्यू दफनभूमी आहे. 1856 साली ती सुरू झाली, 1942 मध्ये बंद पडली आणि आता तिकीट काढून बघायचं संग्रहालय झाली आहे. आत शिरलं की रहदारीचा आवाज मागे पडतो. थडग्यांवर आयव्हीची वेल दाट चढली आहे. काही दगडांवर गोळ्यांच्या खुणा दिसतात. 1945 मध्ये सोव्हिएत सैन्याने शहराला घातलेल्या वेढ्यात इथंही लढाई झाली होती.

मी आलो होतो जर्मन कामगार चळवळीचा नेता फर्डिनांड लासाल याच्यासाठी. हे शहर जर्मनांचं ब्रेस्लाउ होतं तेव्हा, 1825 मध्ये, एका रेशीम व्यापाऱ्याच्या घरी तो जन्मला. थडग्यावर त्याला ‘विचारवंत आणि लढवय्या’ म्हटलं आहे, आणि ही दोन्ही विशेषणं त्याने कमावलेली आहेत. प्राचीन ग्रीक तत्त्वज्ञ हेराक्लिटसवर जाडजूड ग्रंथ लिहिणारा हा माणूस काउंटेस हात्सफेल्टच्या घटस्फोटासाठी, स्वतः वकील नसताना, आठेक वर्षं कोर्टांमागून कोर्टं लढवत राहिला.

पण मला ओढ होती ती त्याच्या शेवटच्या दोन-अडीच वर्षांची. एप्रिल 1862 मध्ये बर्लिनच्या कामगारांपुढे त्याने भाषण केलं, त्यावरून त्याच्यावर खटला झाला. उदारमतवाद्यांना हवं असलेलं, फक्त मालमत्तेची राखण करणारं राज्य म्हणजे रात्रीचा पहारेकरी, ही त्याचीच टीका. मजुरी पोटापुरतीच राहते, वाढली तरी पुन्हा तिथंच खाली येते, असं तो मानत असे. म्हणून कामगारांनी स्वतःचे सहकारी कारखाने काढावेत आणि भांडवल राज्याने कर्जाऊ द्यावं. राज्य ते देणार कधी? गरिबाच्या हाती मत आल्यावर. सार्वत्रिक, समान, प्रत्यक्ष मताधिकार हा त्याच्या सगळ्या मांडणीचा कणा होता.

राज्याच्या मदतीच्या मुद्द्यावर त्याचा शुल्झे-डेलिच या उदारमतवादी सहकार-पुरस्कर्त्याशी कडाक्याचा वाद झाला. शुल्झेचं म्हणणं, बचत करा, पतपेढ्या काढा, सरकारकडे हात पसरू नका. आपल्याकडच्या नागरी सहकारी बँका शुल्झेच्याच वाटेने आल्या, त्यामुळे हा वाद मला परका वाटत नाही. तरीही मला लासालचं पटतं. ज्याच्या हातात महिनाअखेर काहीच उरत नाही, त्याला बचतीचा सल्ला देऊन काय होणार?

23 मे 1863 ला लाइपझिगमध्ये त्याने अखिल जर्मन कामगार संघ स्थापला. आजचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष आपला जन्म त्याच दिवसापासून मोजतो. संघात मात्र सगळी सूत्रं अध्यक्षाच्या, म्हणजे लासालच्याच हाती होती. शिवाय तो प्रशियाचा पंतप्रधान बिस्मार्क याच्याशी गुपचूप बोलत होता. त्यांचा पत्रव्यवहार 1920 च्या दशकात उजेडात आला. उदारमतवाद्यांना शह द्यायला सनातनी सत्तेशी हातमिळवणी करावी, हे मला आजही खटकतं. मताचा हक्क मागणाऱ्याने तो उघड्यावर मागायला हवा होता.

ऑगस्ट 1864 मध्ये हेलेना फॉन डोनिगेस हिच्याशी लग्न करण्याच्या हट्टापायी तो जिनिव्हाजवळ द्वंद्वयुद्धाला उभा राहिला. पोटात गोळी लागली, तीन दिवसांनी, 31 ऑगस्टला गेला. वय 39. काउंटेसला शवपेटी जर्मनीभर मिरवत न्यायची होती. घरच्यांनी ती ब्रेस्लाउला आणवली.

1867 मध्ये उत्तर जर्मन संघराज्याच्या संसदेसाठी पुरुषांना सार्वत्रिक मताधिकार मिळाला, तोही बिस्मार्कच्याच हातून. लासालच्या संघाचे उमेदवार त्याच वर्षी निवडून आले.