सनद हातात आली, त्याची गोष्ट

माझे बाबा कोल्हापुरात सीपीआर या सरकारी दवाखान्यासमोर, जुन्या कोर्टाच्या फाटकाजवळ चहाची गाडी लावायचे. 2001 मध्ये लहान मुलांना पळवून मारणाऱ्या गावित बहिणींना फाशीची शिक्षा झाली तेव्हा मी दोन वर्षांची होते. बाबा अजून सांगतात, त्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. सरकारतर्फे उज्ज्वल निकम उभे होते. मारल्या गेलेल्या लेकरांच्या बाजूने बोलणारा माणूस, एवढंच मला लहानपणी समजायचं. तेवढ्यावर मी सरकारी वकील व्हायचं ठरवून टाकलं.

2024 मध्ये एलएलबी झाले. सनदेच्या, म्हणजे वकिलीच्या परवान्याच्या, फीसाठी बाबांनी पंधरा हजार बाजूला काढून ठेवले होते. त्यातच 30 जुलैला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला: अॅडव्होकेट्स अॅक्टच्या कलम 24 मध्ये आहे त्याहून जास्त फी घेता येणार नाही. म्हणजे खुल्या प्रवर्गाला 750 रुपये. उरलेल्या पैशांत काळा कोट, बँड आणि कायद्याची पुस्तकं आली. मात्र एका दाखल्यासाठी पाच खेटे घालावे लागले, ते पैशांनी टळले नाहीत.

ऑक्टोबरमध्ये सनद मिळाली, डिसेंबरात बार कौन्सिलची परीक्षा. 100 प्रश्न, पास व्हायला 45 टक्के. बेअर अॅक्ट, म्हणजे कायद्याचा नुसता मजकूर असलेली पुस्तकं, सोबत नेता येतात, पण त्यात टिपणं चालत नाहीत. माझी पुस्तकं तर पेन्सिलीने भरलेली! आदल्या रात्री मी आणि आई बारापर्यंत खोडत बसलो होतो. पास झाले.

खरं शिक्षण सीनियरांकडे सुरू झालं. पहिल्याच महिन्यात मी गावित खटल्याचा निकाल मागून वाचला. त्या बहिणींपैकी रेणुकाचा नवरा किरण शिंदे माफीचा साक्षीदार होता, म्हणजे स्वतः आरोपी असून माफीच्या बदल्यात सरकारच्या बाजूने साक्ष देणारा. अशा साक्षीदाराच्या एकट्याच्या शब्दावर सहसा शिक्षा होत नाही, इतर पुराव्याने पुष्टी लागते. सरकारी वकिलाची सगळी मेहनत तिथे असते, टीव्हीवर दिसते ती नव्हे. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम केलेली फाशी 2022 मध्ये जन्मठेपेत बदलली, कारण दयेच्या अर्जावर सरकारनेच वर्षानुवर्षं निर्णय लांबवला. ते वाचून मला दोन दिवस काही सुचलं नाही.

जुलै 2025 मध्ये निकमसाहेब राष्ट्रपतिनियुक्त खासदार म्हणून राज्यसभेत गेले. त्याआधी 2024 मध्ये ते लोकसभेला हरले होते. बाबांना फार आनंद झाला. मला त्यांच्या खासदारकीपेक्षा जळगावच्या कोर्टातली सुरुवातीची वर्षं मोठी वाटतात. 1993 चे बॉम्बस्फोट, कसाब, हे सगळं त्या पायावर उभं राहिलं.

18 ऑगस्ट 2025 ला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे कोल्हापुरात बसणारं खंडपीठ, त्याच जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं. सीनियरांच्या फायली छातीशी धरून मी त्या फाटकातून आत गेले.

सेशन्स कोर्टात सरकारी वकील व्हायला सात वर्षांची वकिली लागते, विशेष सरकारी वकील व्हायला दहा. माझी सात वर्षं ऑक्टोबर 2031 मध्ये भरतील.