तुम्ही विचारलंत म्हणून: रूसो वाचून क्रांती झाली का?

क्लासमधली पोरं दरवर्षी विचारतात, हल्ली त्यांचे पालकसुद्धा विचारतात, की सर, व्हॉल्टेअर-रूसो वाचूनच फ्रान्सचे लोक पेटले ना? पुस्तकात कारणांच्या यादीत 'विचारवंतांचे कार्य' असतं, त्यामुळे पाठच झालंय ते.

अहो, दोघंही १७७८ सालीच गेले आणि क्रांती १७८९ ची. शिवाय खेड्यातल्या किती जणांना वाचता येत होतं? मी तरी मिठापासून सुरू करतो. मिठाचा कर म्हटलं की आपल्याला दांडी नाहीतर शिरोडा आठवतं, पण फ्रान्सचा गाबेल त्याहून विचित्र. बऱ्याच भागात आठ वर्षांवरच्या प्रत्येकाच्या नावावर ठरावीक मीठ सरकारी गोदामातून उचलावंच लागायचं, आणि ते फक्त जेवणापुरतं, त्यात डुकराचं मांस खारवून ठेवलं तर गुन्हा, त्यासाठी वेगळं विकत घ्या! शेजारच्या ब्रिटनी या फ्रान्सच्याच प्रांतात कर नाही म्हणून मीठ एकदम स्वस्त, मग तिकडून चोरून आणायचे, कुत्र्यांच्या अंगाला बांधूनसुद्धा.

आता गंमत अशी की राजा म्हणे अनियंत्रित, पण सरदार आणि धर्मगुरूंकडून पुरेसा कर काही त्याला काढता येईना. त्यात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात कर्ज काढून पैसा ओतला, १७८८ पर्यंत सरकारी खर्चातला निम्मा पैसा नुसत्या कर्जापायी जायला लागला. शेवटी राजा सोळाव्या लुईला इस्टेट्स जनरल, म्हणजे धर्मगुरू, सरदार आणि सामान्य लोक यांच्या प्रतिनिधींची सभा, बोलवावी लागली, जी १६१४ नंतर भरलीच नव्हती. आणि बोलवताना त्यानेच गावोगाव सांगितलं की तुमच्या तक्रारी लिहून पाठवा. (हे मला अजूनही अफाट वाटतं.)

लोकांनी लिहिल्या. मीठ, कर, जमीनदाराची कबुतरं पीक खातात, असलं सगळं. राजा नको असं जवळजवळ कुणीच म्हटलं नाही. पण कागद लिहायला बऱ्याच ठिकाणी वकील नाहीतर शिकलेला माणूस बसलेला, तो मध्येच 'राष्ट्र', 'नागरिक', 'हक्क' असे शब्द घालायचा. रूसो आला तो इथून, माझ्या मते.

गाबेल १७९० मध्ये रद्द झाला. नेपोलियनने सम्राट झाल्यावर १८०६ मध्ये मिठावर परत कर बसवला, हे सांगितलं की पोरं हमखास हसतात.