निसर्ग, बांगलादेश आणि समुद्रातले बोये

निसर्ग वादळाचं नाव बांगलादेशने ठेवलेलं, हे मला परवापर्यंत माहीतच नव्हतं. श्रीवर्धनला मामाकडे गेलो होतो, वाडीत अजूनही मोकळी जागा दिसते, ३ जून २०२० ला दुपारच्या दोन-तीन तासांत अर्ध्या सुपाऱ्या आडव्या झाल्या होत्या. मामा म्हणाला, एवढं छान नाव ठेवलं कुणी रे या मेल्याला? मी मोबाईलवर बघितलं तर १३ देशांनी प्रत्येकी १३ नावं दिलीत, एकूण १६९, त्यात भारत पाकिस्तान इराण ओमान सगळे एका यादीत, आणि या नव्या यादीतलं पहिलंच नाव निसर्ग! एरवी एकमेकांचं तोंड बघत नाहीत पण वादळाचं बारसं मात्र मिळून करतात.

मग काय, रात्री जेवणानंतर वाचतच बसलो. गोव्याला दोना पावलाला गेलात तर एनआयओ दिसते ना, ती समुद्रविज्ञान संस्था, ती मुळात अशाच एका सामायिक खटाटोपातून निघाली. साठच्या दशकात हिंदी महासागराबद्दल कुणालाच फार काही कळत नव्हतं म्हणून बऱ्याच देशांनी मिळून चाळीसेक जहाजं पाठवली, आणि ती मोहीम संपली तशी १ जानेवारी १९६६ ला ही संस्था उभी राहिली. २०१५ मध्ये दुसरी मोहीम सुरू झाली ती गोव्यातूनच.

आणि हे सगळं एकट्या देशाला का जमत नाही, तर पाणी कुणाच्या हद्दीत थांबतं का? पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेवाल्यांनी दाखवलंय की आपल्या महासागराचा पश्चिमेकडचा भाग शंभरेक वर्षांत उन्हाळ्यात १.२ अंशांनी तापलाय. असा ताप मोजायचा तर आफ्रिकेपासून इंडोनेशियापर्यंत सगळीकडे थर्मामीटर पाहिजेत. आर्गो नावाचे फ्लोट्स आहेत, हजार मीटर खाली वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून वर येतात आणि सॅटेलाईटला आकडे देतात, ते आकडे कुणीही बघू शकतो, फुकट. हे मला भारी वाटलं, कारण आपल्याकडे साधा सातबारा ऑनलाईन काढताना किती वेळा साईट हँग होते!

दुसरं म्हणजे रामा. भारत अमेरिका जपान इंडोनेशिया वगैरे मंडळींनी मान्सून समजावा म्हणून समुद्रात नांगरलेले बोये, म्हणजे हवा-पाणी मोजणारी तरंगती यंत्रं. ४६ ठिकाणी लावायचे ठरले होते पण पश्चिमेकडे सोमालियाच्या चाच्यांनी काम अडवून ठेवलं, जहाज पाठवायला कोण धजावणार? म्हणजे आपल्या पावसाचा अभ्यास तिकडच्या लुटारूंमुळे लांबला, बोला आता. आणि जे बोये लावले त्यांची नासधूस होते ती मच्छीमारांकडून.

हे वाचून सकाळी जीवना बंदरावर मामाच्या ओळखीच्या खलाशाला विचारलं, काका, असा बोया दिसला तर काय करता? तो हसला. म्हणाला, अरे खोल समुद्रात काहीही तरंगत असलं की खाली मासा जमतोच, मग जाळं टाकणार नाही तर काय नमस्कार करणार?

मी त्याला सांगितलं की त्याच यंत्रांचे आकडे तुमच्या मान्सूनच्या अंदाजात वापरतात. तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, मग त्यावर मराठीत लिहून का नाही ठेवत?