वहीची नवी मांडणी: 'कॅन'नंतरची पानं

मंडळी, फ्रेजल व्हर्ब्जची, म्हणजे क्रियापदाला 'ऑफ', 'आउट' असा छोटा शब्द जोडून वेगळाच अर्थ देणाऱ्या इंग्रजी जोड्यांची, वही या पावसाळ्यात नव्याने मांडायला घेतली आहे. आधी 'गेट'ची सगळी रूपं एका पानावर, 'टेक'ची दुसऱ्या पानावर, अशी रचना होती. शोधायला ती सोयीची. पण बोलायला तोंड उघडतो तेव्हा 'गेट' सुचलेलं नसतं, काय सांगायचंय ते सुचलेलं असतं. म्हणून आता पानं अर्थानुसार. पहिला विभाग क्षमतेचा घेतला: एखादी गोष्ट जमणं, न जमणं, कशीबशी जमणं.

सुरुवात 'कुड'पासूनच करावी लागली, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माझा रोजचा प्रवास ठाणे ते ऐरोली, त्यामुळे उदाहरणं तिथलीच. लहानपणी मासुंदा तलावाला न थांबता धावत फेरी मारता यायची: 'ॲज अ चाइल्ड, आय कुड रन राउंड द लेक विदाउट स्टॉपिंग'. तेव्हा अंगात असलेली क्षमता सांगायची आहे, 'कुड' चोख बसतं. पण ट्रान्स-हार्बरची गाडी उशिरा ठाण्यात शिरली, जिना चढून-उतरून धावले आणि तरी कसारा लोकल मिळाली, तर तिथे 'आय कुड कॅच द ट्रेन' बसत नाही. एका वेळचं, प्रत्यक्ष हाती आलेलं यश असेल तर 'आय मॅनेज्ड टू कॅच इट' किंवा 'आय वॉज एबल टू कॅच इट'. नकारात मात्र ही अट नाही. 'आय कुडन्ट कॅच इट' बिनदिक्कत म्हणावं. माझी खूण अशी: मनात मराठीत 'यायचं' आलं की 'कुड', 'जमलं' आलं की दुसरं काहीतरी.

हे 'दुसरं काहीतरी' म्हणजेच फ्रेजल व्हर्ब्जचं खरं घर. 'मॅनेज्ड टू' फक्त जमल्याचं सांगतं. कसं जमलं, किती ओढाताण झाली, लोकांना ते जमेल असं वाटत होतं का, हे सगळं 'पुल ऑफ' एका दमात सांगून जातं. आमच्या सोसायटीने मागच्या गणपतीत सगळी सजावट कागद आणि बांबूची करायची ठरवली. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून घरी पोचणारी माणसं रात्री उशिरा बसून ती करत होती. पूर्ण होईल असं फारसं कुणाला वाटत नव्हतं. 'नोबडी थॉट दे कुड डू इट, बट दे पुल्ड इट ऑफ.' या वाक्यात 'कुड' आणि 'पुल्ड ऑफ' शेजारी आहेत म्हणून ते मला फार प्रिय आहे: आधी शंका घेतलेली क्षमता, मग घडलेलं यश.

एक सावधगिरी. कौतुक म्हणून वरिष्ठांना 'यू पुल्ड इट ऑफ' म्हणाल तर 'जमेल असं वाटत नव्हतं' ही छटाही त्यांच्या कानावर जाते. जिथे शंका नव्हतीच, तिथे 'वेल डन' पुरेसं आहे.

रचनेचं म्हणाल, तर 'पुल ऑफ द प्लॅन' आणि 'पुल द प्लॅन ऑफ' दोन्ही चालतात. 'इट' आलं की ते मधेच: 'पुल इट ऑफ'. काही लर्नर्स डिक्शनऱ्यांमध्ये अशा क्रियापदांच्या नोंदीत दुहेरी बाण छापलेला असतो, तो पाहायची सवय लावून घ्या. जोर 'पुल'वर नाही, 'ऑफ'वर. उपवन तलावाला फेऱ्या मारताना मैत्रीण आणि मी सध्या हेच मोठ्याने म्हणतो, कारण 'ऑफ' पुटपुटलं तर ऐकणाऱ्याच्या हाती नुसतं ओढणं लागतं.

'गेट बाय'चं पान मला सगळ्यात जवळचं झालंय. थोडक्यात भागवणं, कामापुरतं निभावणं. वाशीच्या मार्केटमधला व्यापारी गुजराती घरचा, मराठी कामापुरती: 'ही गेट्स बाय इन मराठी'. पगार बेताचा: 'दे गेट बाय ऑन वन सॅलरी'. याला कर्म लागत नाही, भाषेआधी 'इन', पैशाआधी 'ऑन'. यात कमीपणा नाही, हे मला आवडतं. 'आय कॅन स्पीक इंग्लिश' म्हटलं की परीक्षेला बसल्यासारखं होतं. 'आय कॅन गेट बाय इन इंग्लिश' म्हणणारा माणूस आपली क्षमता नेमकी मोजून सांगतो.

'मेक आउट'मध्ये गंमत आहे. हे बहुतेक वेळा 'कॅन' किंवा 'कुड'ला धरूनच येतं: पावसाच्या आवाजात 'आय कुडन्ट मेक आउट द अनाउन्समेंट'. धुक्यात येऊरचा डोंगर जेमतेम दिसला: 'आय कुड जस्ट मेक आउट द हिल्स'. आता कुणी विचारेल, हीसुद्धा एकाच वेळची गोष्ट, मग इथे 'कुड' कसं? दिसणं, ऐकू येणं, वास येणं, कळणं या क्रियापदांना तेवढी मुभा आहे. 'आय कुड सी', 'आय कुड हिअर' एका प्रसंगालाही चालतं. वरच्या माझ्या खुणेला ही पुरवणी जोडून घ्या. त्याच पानावर 'टेल अपार्ट': जुळ्या भावांना ओळखता येत नाही, 'आय कान्ट टेल देम अपार्ट'.

'कीप अप विथ' फार वेळ घेत नाही. तीन शब्द, मधे काही घुसवायचं नाही, बरोबरीने टिकणं एवढाच अर्थ.

जाता जाता, 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव या क्रियापदांच्या मानाने अगदी अलीकडचं. लोगन पिअरसॉल स्मिथ यांनी ते १९२५ साली पुस्तकात वापरलं आणि ते ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी सुचवल्याचं नोंदवलं. क्रियापदं स्वतः कितीतरी शतकं आधीपासून लोकांच्या तोंडी आहेत.

'अप टू'ला काटेकोरपणे फ्रेजल व्हर्ब म्हणता येणार नाही, तरी ते मी याच विभागात ठेवलंय. 'आय'म नॉट अप टू इट टुडे': येतं मला, पण आज ताकद नाही. ही छटा 'कान्ट'मध्ये येत नाही. 'व्हॉट आर यू अप टू?' हा मात्र वेगळा प्रश्न, काय चाललंय असा. तो क्षमतेच्या पानावर नको.

पुढचं पान 'वर्क आउट' आणि 'फिगर आउट'चं. उत्तर शोधून काढता येणं इथपर्यंत दोन्ही एकत्र चालतात. हिशेबाच्या आकड्यांना मला 'वर्क आउट' जास्त नैसर्गिक वाटतं, माणसाचा स्वभाव उमगायला 'फिगर आउट'. तुमच्या वहीत प्रत्यक्ष ऐकलेली वाक्यं असतील तर आजूबाजूच्या संदर्भासकट पाठवा, नुसता अर्थ नको.